देवाचं काम करता करता थकलात? आधी भाकर खा, पाणी प्या

शनिवारची रात्र. साडेदहा वाजलेत. उद्याच्या उपासनेची गाणी अजून ठरलेली नाहीत. संडे स्कूलच्या मुलांसाठी चित्रं कापायची आहेत. आणि चर्चच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी विचारतंय, "उद्या चहाचं कोण बघणार?" ग्रुपमध्ये ऐंशी माणसं आहेत. पण शेवटी "मी बघते" असं कोण लिहिणार, हे सगळ्यांना माहीत आहे. तुम्हालाही.

तेवढ्यात आणखी एक मेसेज येतो. कुणाच्या तरी वडिलांचं ऑपरेशन आहे, प्रार्थना करा. तुम्ही हात जोडलेली इमोजी टाकता, "आमेन" लिहिता आणि पुढे सरकता. प्रार्थना झालेलीच नसते. पूर्वी असं होत नव्हतं. पूर्वी तुम्ही खरंच दोन मिनिटं डोळे मिटायचात.

हे वाचताना कुठेतरी "अरे, हे तर माझंच आहे" असं वाटलं असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. तुम्ही पाळक असाल, पाळकीणबाई असाल, गायनमंडळात असाल, तरुण संघ चालवत असाल. किंवा इंदूर, हैदराबाद, बेंगळुरूसारख्या शहरात चार-पाच मराठी कुटुंबांना घेऊन घरातच प्रार्थना सभा चालवत असाल. तिथे तर एका घराने पाय मागे घेतला की सभाच बंद पडते. त्यामुळे दमलो असं म्हणायचीही चोरी असते.

दमलो म्हटलं की लगेच मनात दुसरा प्रश्न उभा राहतो. माझा विश्वास कमी पडतोय का?

या प्रश्नाचं उत्तर बायबलमध्येच आहे, आणि ते बऱ्याच जणांना वाटतं त्यापेक्षा खूप प्रेमळ आहे. तिथपर्यंत जाण्याआधी हा थकवा नेमका कसला आहे ते समजून घेऊ.

झोपून उठलं तरी न जाणारा थकवा

दिवसभर शेतात राबलं किंवा लोकलला लटकून घरी आलं की अंग दुखतं. रात्री झोप लागते आणि सकाळी माणूस ताजा होतो. हा साधा थकवा. बर्नआउट वेगळा. त्यात सकाळी उठल्या उठल्याच दमल्यासारखं वाटतं.

हा शब्द आपण सहसा आयटी कंपन्यांशी जोडतो. पण त्याची सुरुवात कुठे झाली हे वाचलं तर चर्चमध्ये सेवा करणाऱ्या माणसाला आश्चर्य वाटेल. न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर दिवसभर स्वतःची प्रॅक्टिस करून संध्याकाळी गरिबांसाठीच्या एका मोफत दवाखान्यात काम करायचे. तिथे आपल्या इच्छेने सेवा द्यायला येणारी माणसं काही काळाने विझल्यासारखी होत होती. १९७४ साली त्यांनी यावर लेख लिहिला आणि तिथून "बर्नआउट" हा शब्द अभ्यासात रुळला. म्हणजे जी माणसं पगारासाठी नाही तर मनापासून आली होती, त्यांच्यातच तो आधी दिसला. त्यात तथ्य आहे. जो पेटलेलाच नाही, तो विझणार कसा?

२०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेने बर्नआउटची व्याख्या स्पष्ट केली. हा आजार नसून कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ साचलेल्या ताणाचा परिणाम आहे, असं संघटना म्हणते आणि त्याच्या तीन खुणा सांगते. ही व्याख्या नोकरी-व्यवसायापुरती आहे, पण त्या खुणा सेवेलाही ओळखू येतील अशाच आहेत.

पहिली खूण म्हणजे शक्ती संपणं. बुधवारची प्रार्थना सभा आठवली तरी खांदे जड होतात.

दुसरी म्हणजे मन कामापासून लांब जाणं, कडवट होणं. उपदेश चालू असताना "यांना काय माहीत घरी काय चाललंय" असं वाटतं. नवीन कुणी उत्साहाने पुढे आलं की "बघू किती दिवस टिकतोय" असं तोंडातून निघतं.

तिसरी म्हणजे आपल्या कामाचा काही उपयोग नाही असं वाटणं. दहा वर्षं मुलांना शिकवलं, त्यातली किती मुलं आज चर्चला येतात? मग कशाला?

वाळवंटातली दुपार

हे सगळं मोबाईलच्या जमान्यात सुरू झालं असं वाटत असेल, तर चौथ्या शतकातल्या इजिप्तमध्ये जाऊन बघा. तिथल्या वाळवंटात अनेक ख्रिस्ती साधू छोट्या खोपट्यांत एकटे राहायचे. चटया, टोपल्या विणायचे, प्रार्थना करायचे. त्यांच्यातल्या इव्हाग्रियस नावाच्या साधूने एका विचित्र त्रासाचं वर्णन करून ठेवलं आहे. ग्रीक भाषेत त्याला "अकेडिया" म्हणतात.

हा त्रास दुपारच्या सुमाराला येतो, असं तो सांगतो. सूर्य जागचा हलत नाहीसं वाटतं. साधू पुन्हा पुन्हा खिडकीतून बाहेर बघतो. हातातल्या कामाचा वीट येतो, जागेचा वीट येतो. इथल्या भावांमध्ये प्रेमच उरलं नाही असं वाटतं. घरचे आठवतात. दुसरीकडे कुठेतरी गेलो तर बरं होईल, असं मन सांगू लागतं. आज आपण खिडकीऐवजी मोबाईल बघतो, एवढाच फरक.

संत अंतोनी हे या साधूंमधलं सर्वात मोठं नाव. त्यांच्याबद्दल एक जुनी आठवण सांगितली जाते. एकदा त्यांनाही असाच वीट आला. मी तरू तरी कसा, असं त्यांनी देवाला विचारलं. बाहेर आले तर त्यांच्यासारखाच एक माणूस बसून दोरी वळत होता. थोड्या वेळाने तो उठला आणि प्रार्थना केली. मग पुन्हा बसून दोरी वळू लागला. पुन्हा उठला, पुन्हा प्रार्थना. तो देवदूत होता. त्याने अंतोनींना सांगितलं की एवढंच कर, तू तरशील.

या आठवणीत चमत्कार फारसा नाही. दिवसभर नुसती दोरी वळायची नाही आणि दिवसभर नुसती प्रार्थनाही करायची नाही. थोडं काम, थोडी प्रार्थना, आणि या दोन्हींच्या मध्ये बसणं-उठणं. टिकायचं कसं, याचं हे कदाचित सर्वात साधं उत्तर असेल.

रतामाच्या झुडपाखाली झोपलेला संदेष्टा

आता एलीयाकडे येऊ. राजे या पहिल्या पुस्तकाच्या अठराव्या आणि एकोणिसाव्या अध्यायांत त्याची गोष्ट आहे. संडे स्कूलमध्ये आपण अठरावा अध्याय फार रंगवून सांगतो. कर्मेल डोंगर, बआलाचे साडेचारशे संदेष्टे, आकाशातून पडलेला अग्नी, तीन वर्षांच्या दुष्काळानंतर आलेला पाऊस. एलीया त्या पावसात अहाब राजाच्या रथापुढे धावत इज्रेलपर्यंत गेला.

पण दमलेल्या माणसाने एकोणिसावा अध्याय वाचावा. ईजबेल राणीने निरोप पाठवला, उद्या या वेळेपर्यंत तुला मारते. आणि काल एवढ्या जमावासमोर निडर उभा राहिलेला माणूस जीव घेऊन पळाला. इज्रेलपासून थेट दक्षिणेला बैरशेब्यापर्यंत, म्हणजे सरळ रेषेत मोजलं तरी सुमारे १५० किलोमीटर. सोबतच्या सेवकाला तिथेच सोडलं. मग एकटाच रानात एक दिवसाची वाट चालून गेला, रतामाच्या झुडपाखाली बसला आणि देवाला म्हणाला, आता पुरे, माझा जीव घे. आणि झोपी गेला.

बर्नआउट बहुतेक वेळा असाच येतो. तो हरल्यावरच येतो असं नाही. नाताळचा कार्यक्रम सुंदर झाला, सगळ्यांनी कौतुक केलं, आणि २७ डिसेंबरला अंथरुणातून उठवत नाही, हे अनेकांनी अनुभवलं असेल.

आता देव काय करतो ते बघा. मरण मागणाऱ्या आपल्या सेवकाला तो रागावत नाही. वचन ऐकवत नाही. "काल एवढा अग्नी पाहिलास, तरी विश्वास नाही?" असं विचारत नाही. एक दूत येतो, त्याला हात लावून उठवतो आणि खायला सांगतो. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं असतं. एलीया खातो, पितो आणि पुन्हा झोपतो.

पुन्हा झोपतो! आणि दूत त्याला झोपू देतो. मग दुसऱ्यांदा येतो, पुन्हा हात लावतो, पुन्हा खायला सांगतो. कारणही देतो. पुढची वाट तुझ्या शक्तीबाहेरची आहे.

हे कारण लक्षात ठेवण्यासारखं आहे. देव एलीयाला आता तू घरी बस असं म्हणत नाही, आणि उठ, चालू लाग असंही म्हणत नाही. वाट लांब आहे हे तो मान्य करतो. म्हणूनच आधी जेवण, आधी झोप. त्या जेवणाच्या बळावर एलीया चाळीस दिवस आणि चाळीस रात्री चालून होरेब डोंगरावर जातो.

तिथे गुहेत देव त्याला विचारतो, एलीया, तू इथे काय करतोयस? एलीया मनातलं सगळं ओकतो. मी तुझ्यासाठी एवढं केलं, लोकांनी तुझा करार मोडला, मी एकटाच उरलो, आणि आता माझ्याही जिवावर उठलेत. मग सोसाट्याचा वारा येतो, भूकंप होतो, अग्नी येतो. या तिन्हींत देव नसतो. शेवटी एक शांत, हळुवार वाणी येते. आणि ती पुन्हा तोच प्रश्न विचारते. एलीयाही पुन्हा तेच उत्तर देतो, जवळजवळ शब्दाला शब्द.

दमलेलं माणूस तेच तेच बोलतं, हे ज्यांच्या घरात असं कुणी आहे त्यांना माहीत असेल. देव ते दोन्ही वेळा ऐकून घेतो.

गंमत म्हणजे "मी एकटाच उरलो" हे खरं नव्हतं, आणि एलीयाला ते कळायला हवं होतं. थोड्याच दिवसांपूर्वी ओबद्या नावाच्या राजाच्या कारभाऱ्याने त्याला सांगितलं होतं की त्याने शंभर संदेष्ट्यांना गुहांमध्ये लपवून भाकर-पाणी पुरवलं आहे. पण थकलेल्या मनात ऐकलेलं राहत नाही. म्हणून देव त्याला आकडा सांगतो. बआलापुढे गुडघा न टेकलेली सात हजार माणसं मी राखून ठेवली आहेत.

मग देव त्याला तीन कामं देतो. हजाएलाचा आणि येहूचा राजा म्हणून अभिषेक कर, आणि तुझ्या जागी अलीशाचा संदेष्टा म्हणून. एलीयाने यातलं अलीशाला बोलावण्याचं काम स्वतः केलं. बाकीची दोन पुढे अलीशाच्या काळात मार्गी लागली. येहूचा अभिषेक तर अलीशाने पाठवलेल्या एका तरुणाने केला, त्याचं नावही बायबलमध्ये दिलेलं नाही. म्हणजे देवाने दिलेली सगळी कामं एलीयाच्या हातून पूर्ण झाली नाहीत, तरी ती पूर्ण झाली.

मराठीत याचं एक सुंदर उदाहरण आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी येशूच्या जीवनावर "ख्रिस्तायन" हे महाकाव्य लिहायला घेतलं. १९१९ साली ते गेले तेव्हा ते अपुरंच होतं. लक्ष्मीबाई टिळकांनी, ज्यांचं औपचारिक शिक्षण झालेलंच नव्हतं, ते काम पुढे नेलं. आपल्या हातून सुटलेला धागा देव कुणाच्या हातात देईल, हे आपल्याला आज दिसत नाही.

सासऱ्याचा सल्ला

मोशेची गोष्टही याच वळणाची आहे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोक त्याच्यापुढे रांग लावून उभे असायचे आणि तो एकटा सगळ्यांचे तंटे सोडवायचा. त्याचा सासरा यिथ्रो भेटायला आला. एक दिवस त्याने हे पाहिलं आणि दुसऱ्या घरचा पाहुणाच बोलू शकतो तसं स्पष्ट सांगितलं. तू करतोयस ते बरं नाही, तूही झिजशील आणि हे लोकही. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. मोठी प्रकरणं तेवढी तुझ्याकडे येऊ देत.

"हे लोकही" हे शब्द महत्त्वाचे आहेत. एकटा माणूस सगळं ओढतो तेव्हा रांगेत उभे असलेलेही दमतात. आणि ज्यांना काम करता आलं असतं ते नुसते बघत बसतात. संडे स्कूल वीस वर्षं एकाच ताईंनी सांभाळलं, तर ती सेवा मोठीच. पण त्या वीस वर्षांत दुसरी शिक्षिका तयार झाली नाही, तर त्या आजारी पडतील त्या रविवारी मुलं कुणाकडे बघतील?

चिकाटीच्या गोष्टीत न सांगितलेला भाग

चिकाटीचा विषय निघाला की विल्यम केरी यांचं नाव हमखास येतं. ते १७९३ साली इंग्लंडहून बंगालमध्ये आले. सात वर्षांनंतर, २८ डिसेंबर १८०० रोजी सेरामपूरला हुगळी नदीत कृष्ण पाल या सुताराचा बाप्तिस्मा झाला, तो त्यांच्या कामातला पहिला भारतीय विश्वासणारा. १८०५ मध्ये केरींनी मराठीचं व्याकरण छापलं. १८१२ च्या मार्चमध्ये सेरामपूरच्या छापखान्याला आग लागून अनेक वर्षांच्या भाषांतरांची हस्तलिखितं जळाली, आणि ते पुन्हा पहिल्यापासून लिहायला बसले. उपदेशात ही गोष्ट ऐकली की अंगावर काटा येतो.

पण त्याच घरात डोरोथी केरीही होत्या. भारतात यायची त्यांची इच्छा नव्हती, त्या शेवटच्या क्षणी तयार झाल्या. १७९४ मध्ये त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर आजाराने गेला. त्यानंतर डोरोथी यांचं मानसिक संतुलन ढासळलं, ते १८०७ मध्ये त्यांचा मृत्यू होईपर्यंत सावरलं नाही. केरींसोबत आलेले डॉक्टर जॉन थॉमसही मनाने कोलमडले. पहिल्या बाप्तिस्म्याच्या त्या आनंदाच्या दिवशी नदीकाठी गाणी चालू होती, तेव्हा ही दोन माणसं बंद खोल्यांत ओरडत होती.

केरींना दोष देण्यासाठी हे सांगत नाही. त्या काळात मानसिक आजारावर आजच्यासारखे उपचारच नव्हते, आणि केरींनी पत्नीला वेड्यांच्या दवाखान्यात पाठवलं नाही, घरीच सांभाळलं. सांगायचं ते असं, की आपण चिकाटीच्या गोष्टी सांगताना निम्म्याच सांगतो. सेवेची किंमत कोण मोजतंय, हे विचारत नाही. पाळकांची मुलं, रात्री अकरापर्यंत पाहुण्यांसाठी चहा टाकणारी त्यांची पत्नी, बाबा आजही मीटिंगला गेले म्हणून खिडकीत उभी असलेली मुलगी. टिकून राहायचं असेल तर घरानेही टिकायला हवं.

बैलाचा खांदा

मग टिकायचं कसं? याचं उत्तर शेतकऱ्याला विचारावं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तेलाने किंवा तुपाने चोळतात. कुठे त्याला खांदेमळणी म्हणतात, कुठे खांदशेकणी. वर्षभर ज्या खांद्यावर जू असतं, नेमका तोच खांदा. आणि पोळ्याच्या दिवशी बैलाला कामाला जुंपत नाहीत. बैल निकामी झाला म्हणून हे केलं जात नाही. पुढेही त्याने चालावं, आणि त्याचे उपकार आहेत, म्हणून.

बायबलमधल्या शब्बाथाच्या आज्ञेतही बैल आहे. अनुवाद या पुस्तकात ती आज्ञा सांगताना मुलगा, मुलगी, दास, दासी, परका यांच्याबरोबर बैल आणि गाढव यांनाही विसावा द्यायला सांगितलं आहे. कारण असं दिलं आहे की तुम्ही मिसर देशात गुलाम होता, ते आठवा. गुलामाला सुट्टी नसते. म्हणजे जो विसावा घेतो तो देवाला सांगत असतो की मी आता गुलाम नाही, तुझं लेकरू आहे.

येशूने थकल्याभागल्यांना जवळ बोलावलं तेव्हा तोही जुवाबद्दल बोलला. त्याचं जू सोयीचं आहे असं त्याने सांगितलं. जू सहसा दोघांच्या खांद्यावर असतं, हे बैलजोडी पाहिलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

येशू स्वतःही दमायचा. शोमरोनातल्या विहिरीपाशी तो भर दुपारी दमून बसला होता. वादळात नावेत उशी घेऊन झोपला होता. शिष्यांना जेवायलाही वेळ मिळेना, तेव्हा त्याने त्यांना एकांतात चलून थोडा विसावा घ्यायला सांगितलं. आणि कफर्णहूमात एका सकाळी सगळे त्याला शोधत असताना तो तिथे परत गेला नाही, पुढच्या गावांना निघाला. त्या गावात अजून आजारी माणसं असतीलच. तरी तो निघाला. प्रत्येक हाकेला धावणं म्हणजेच देवाची इच्छा, असं त्याने मानलं नाही.

काहीच जाणवत नसेल तेव्हा

विश्रांती घेतली, झोप झाली, कामं वाटून दिली, तरीही प्रार्थनेत देव जवळ वाटत नाही, असंही होतं. हा थोडा वेगळा कोरडेपणा. मदर तेरेसा यांची खासगी पत्रं २००७ साली पुस्तकरूपाने आली तेव्हा जगाला कळलं की कोलकात्यातल्या कामाच्या जवळजवळ पन्नास वर्षांत त्यांना देव दूर गेल्यासारखं वाटत होतं. त्या दोन गोष्टी करत राहिल्या. ठरलेल्या वेळी प्रार्थनेला बसल्या, आणि मनातला अंधार आपल्या आध्यात्मिक मार्गदर्शकांना स्पष्ट लिहून कळवला. जाणवत असल्याचं सोंग त्यांच्यापुढे केलं नाही.

बायबलमध्येही सोंगाला जागा नाही. स्तोत्र ८८ उघडून वाचा. पहिल्या ओळीपासून तक्रार आहे आणि शेवट अंधारातच होतो. शेवटी "पण देव चांगला आहे" अशी गोड ओळ जोडलेली नाही. तरी ते देवाच्या लोकांच्या प्रार्थनापुस्तकात आहे. कारण तक्रार करणारा अजून देवाशीच बोलतोय.

या आठवड्यात काय करता येईल?

झोप आधी. सलग काही दिवस लवकर झोपा. एलीयाच्या गोष्टीत गुहेतला संवाद नंतर आला, झोप आधी झाली. मोठे निर्णय, म्हणजे चर्च सोडू का, सेवा सोडू का, हे रात्री अकरा वाजता घेऊ नका.

कागदावर लिहा. चर्चमधली तुमची सगळी कामं लिहून काढा. प्रत्येकासमोर खरं कारण लिहा. हे मला मनापासून करायचंय, की दुसरं कुणी नाही म्हणून करतोय, की नाही म्हणता आलं नाही म्हणून? तिसऱ्या प्रकारातलं एक काम आधी सोडा.

नाही म्हणायचं वाक्य तयार ठेवा. "ताई, या नाताळला नाटक बसवायला मला जमणार नाही. पुढच्या वर्षी नक्की विचारा." बस, एवढंच. लांबलचक कारणं देत बसू नका.

मुदत ठरवा. "ईस्टरपर्यंत मी बघतो, तोवर माझ्यासोबत एकजण शिकू दे." अचानक सोडण्यापेक्षा हे सगळ्यांना सोपं जातं.

विसाव्याचा दिवस निवडा. सेवा करणाऱ्यांचा रविवार हा सर्वात धावपळीचा दिवस असतो. मग सोमवारची संध्याकाळ घ्या, शनिवारची सकाळ घ्या. त्या वेळेत चर्चचा ग्रुप म्यूट.

प्रार्थना छोटी करा, सोडू नका. एक स्तोत्र, दोन मिनिटं शांतता, एक खरं वाक्य. "देवा, आज माझ्याकडे काहीच नाही" हेही खरं वाक्य आहे.

एका माणसाला सांगा. ग्रुपवर टाकू नका. जो लगेच सल्ला देणार नाही अशा एकाला सांगा.

आणि एक गोष्ट गंभीरपणे. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, आठवड्यामागून आठवडे कशातच रस वाटत नसेल, तर ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांकडे जाणं हा विश्वासाचा पराभव नाही. एलीयासारखं "माझा जीव घे" असं वाटू लागलं असेल, तर एक दिवसही थांबू नका. जवळच्या माणसाला सांगा आणि भारत सरकारच्या टेली-मानस हेल्पलाइनला १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालू असते आणि मराठीतूनही बोलता येतं.

जे दमलेले नाहीत त्यांच्यासाठी

तुम्ही स्वतः ठीक असाल, तर आसपास बघा. नेहमी पुढे असणारं एखादं माणूस हल्ली शेवटच्या बाकावर बसतंय का? उपासना संपताच कुणाशी न बोलता निघून जातंय का? त्यांना "प्रार्थना वाढवा भाऊ" असं सांगू नका. त्या दूताने काय केलं ते आठवा. एक डबा घेऊन जा. पाळकीणबाईंना सांगा, "या रविवारी तुमच्याकडचं जेवण माझ्याकडून येईल." त्यांच्या मुलांना दोन तास बागेत घेऊन जा. आणि ग्रुपवर चहाचं कोण बघणार असा मेसेज आला, की यावेळी पहिलं नाव तुमचं येऊ दे.

संत पौलाने गलतीकरांना लिहिलं की चांगलं करताना खचू नका, योग्य वेळी पीक पदरात पडेल. हे वाक्य आपण दमलेल्या माणसाला हमखास ऐकवतो. पण त्याच अध्यायात थोडं आधी त्याने एकमेकांची ओझी वाहायलाही सांगितलं आहे. आधी ते, मग हे.

आणि पिकाचं म्हणाल, तर पेरणी झाल्यावर कुठलाही शेतकरी रोज माती उकरून कोंब आला का ते बघत नाही. संध्याकाळी तो घरी जातो, भाकर खातो आणि झोपतो. बी मातीतच असतं. रात्रभर त्याचं काम चालू असतं.